पाचव्या खंडापर्यंतचे सबनीस

नऊ खंडांच्या एका कादंबरीमालिकेचा पाचवा खंड मी अर्धाच ऐकलेला आहे. वाचलेला नाही, ऐकलेला. त्यातलं मिठाचं राज्य, तिथून पळालेले सात सोबती आणि त्या सातांतलाच म्हातारा सरदार हाल्मार हे सगळे माझ्या डोक्यात मराठीत बोलतात, कारण ते मला सबनीसांनी सांगितले. सबनीसांनी मला इतरही बरंच काही दिलं आणि मग केसाने गळा कापला. पण ते नंतर. एखाद्या माणसावर रागवायचं तर आधी तो माणूस पुरता उभा करावा, नाहीतर आपण कुणावर रागावलोय हेच ऐकणाऱ्याला कळत नाही.

सबनीस बॉबलिंगेनच्या आमच्या कंपनीत टीम लीड होते. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायचं हे आमचं काम. पन्नाशी ओलांडलेला, उंच, जरासा पोक आलेला माणूस. चष्मा कपाळावर आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत डबा, छत्री आणि सार्वजनिक ग्रंथालयातून आणलेलं एक जाडजूड पुस्तक. जर्मनीत त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण जर्मन शिकायला ते कधी क्लासला गेले नाहीत. "क्लासमध्ये कुणीतरी बाई बाजारात जाऊन टोमॅटो घेते," ते म्हणायचे. "टोमॅटोसाठी कुणी भाषा शिकतं का?" म्हणून ते ग्रंथालयात गेले आणि तलवारी, किल्ले, शापित घराणी अशा लांबलचक मालिकांवर जर्मन शिकले.

परिणाम असा की त्यांचं जर्मन चांगलं होतं, पण ते चिलखत घालून यायचं. सकाळच्या मीटिंगमध्ये बग दुरुस्त झाला असं ते म्हणत नसत, शत्रू धारातीर्थी पडला असं सांगत. आमच्या विभागप्रमुख केस्लरबाई तोंडावर हात धरून हसायच्या, पण त्यांना ते आवडायचं. मी पुण्याहून नवी आले तेव्हा आनमेल्डुंगला, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंद करायला, सबनीस माझ्याबरोबर आले होते. घरमालकाच्या सहीत काहीतरी खोट निघाली आणि काउंटरवरची बाई आम्हाला परत पाठवायला लागली. सबनीसांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि जे जर्मन वाक्य म्हटलं त्याचा अर्थ, या स्त्रीसाठी मी माझ्या इमानाची हमी देतो. बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने मुकाट्याने घरमालकाला फोन लावला आणि आमचं काम झालं. परदेशात नव्याने आलेल्या माणसाच्या बाजूने कुणी असं उभं राहिलं की त्याचं काय होतं, हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांनाच कळेल. त्या दिवसापासून मी सबनीसांचा शब्द उलटून पाहिला नाही.

मधल्या खंडांवर त्यांचा फार जीव. पहिला खंड त्यांच्या मते नुसता साखरपुडा, सगळे नटूनथटून गोड बोलणार. शेवटच्या खंडात लेखकाला आवराआवर करायची घाई. "पहिल्या खंडात सगळेच शूर असतात, अश्विनी. माणूस कळतो तो पाचव्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शिवाय त्यात सोयही होती. लोक तिसऱ्या खंडानंतर कंटाळतात, त्यामुळे मधल्या खंडांना ग्रंथालयात वेटिंग नसतं. मी एकदा म्हटलं की मी असल्या पुस्तकांत मधलं गाळून शेवट वाचते, तर त्यांनी दिवसभर माझ्या प्रत्येक टेस्टचा निकाल स्वतः तपासला. म्हणाले, जी बाई मधला खंड गाळते ती काय काय गाळत असेल सांगता येत नाही.

या मालिकेचं जर्मनमध्ये एक त्रांगडं होतं. मूळ इंग्रजी खंड इतके जाड की जर्मन प्रकाशक एकेकाची दोन दोन पुस्तकं करायचा. त्यामुळे पाचवा खंड म्हणजे जर्मनमधलं नववं आणि दहावं पुस्तक. हे माझ्या नवऱ्याला, नितीनला, ठाऊक नव्हतं. त्याने सबनीसांच्या हातात नऊ आकडा असलेलं पुस्तक पाहिलं आणि वाढदिवसाला त्यांना तेच विकत घेऊन दिलं, फक्त इंग्रजीतलं. म्हणजे अख्ख्या मालिकेचा शेवट. सबनीसांनी कौतुकाने कागद सोडला, पहिलं पान उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि पुस्तक फटकन मिटलं. त्या दोन ओळींत कोण जगलं आणि कोण राजा झालं हे सगळं होतं. नितीनला त्यांनी चकार शब्दाने दुखावलं नाही, तोंडभरून आभार मानले. नंतर वैशाली वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला सांगितलं की ते पुस्तक तळघरात बटाट्यांशेजारी ठेवलंय आणि बटाटे आणायलाही ते आता खाली जात नाहीत.

दर रविवारी दुपारी सबनीस आणि वैशाली वहिनी आमच्याकडे यायचे. वहिनी बहुतेक वेळा नारळाच्या वड्या करून आणायच्या, मी चहा टाकायचे आणि सबनीस खिडकीपाशी उभे राहून पुस्तक उघडायचे. बसून त्यांना सांगता येत नसे. ओळीखाली बोट ठेवून ते जर्मन मनात वाचत, क्षणभर डोळे मिटत आणि मग मराठी बाहेर पडे. प्रत्येकाला त्यांनी वेगळी बोली दिली होती. मिठाचे व्यापारी कोल्हापुरी बोलत, उत्तरेचा राजा नागपुरी, आणि राजगुरू तर इतकं पेठी पुणेरी बोलायचा की तो शाप देतोय की नुसती चौकशी करतोय ते कळू नये. माझी मुलगी ईरा तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आम्ही मराठी पुस्तकं आणून थकलो होतो, तिने एक धड उघडलं नव्हतं. पण रविवारी ती सबनीसकाकांच्या पायाशी बसायची आणि राजगुरू बोलला की खुदखुदायची. हाल्मारला मात्र त्यांनी कुठलीही बोली दिली नव्हती. हाल्मार त्यांच्या स्वतःच्या आवाजात बोलायचा.

जर्मनमधल्या एका शब्दाशी त्यांचं कायमचं वाकडं होतं. तो शब्द 'वीर'. आपल्याकडे वीर म्हणजे योद्धा, जर्मनमध्ये वीर म्हणजे नुसतं आपण. किंवा आम्ही. आणि हीच सगळी अडचण. मराठीत 'आपण' म्हटलं की ऐकणारा धरला, 'आम्ही' म्हटलं की वगळला. जर्मनला त्याचं सोयरसुतक नाही. प्रत्येक 'वीर'पाशी सबनीस अडायचे, डोळे मिटून विचार करायचे. नितीन चेष्टा करायचा, "सबनीस, तुमच्या पुस्तकात पानोपानी वीर, पण लढाई काही सुरू होत नाही."

ईराला तर हा घोळच कळत नव्हता. दोन्ही एकच आहे, असं ती जर्मनमध्ये ठासून म्हणाली. सबनीसांनी पुस्तक मिटलं.

"बाळा, मी म्हटलं, आपण पिझ्झा खायला जाऊ, तर तू काय करशील?"

तिने सांगितलं, जॅकेट घालीन.

"आणि मी म्हटलं, आम्ही पिझ्झा खायला जातोय?"

ईरा बघत राहिली. तिचा चेहरा उतरला. मग ती चक्क मराठीत म्हणाली, "मग मी घरी." मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हातातलं गाळणं तसंच धरून उभी राहिले. आम्हाला वर्षानुवर्षं जमलं नाही ते या माणसाने एका पिझ्झ्यावर करून दाखवलं होतं.

आता पाचवा खंड. सात सोबती मिठाच्या खिंडीत अडकलेत, मागे शत्रू, समोर बर्फ. संध्याकाळी शेकोटीपाशी हाल्मार म्हणतो, उजाडायच्या आत आपण निघू. सबनीसांनी तिथे पुस्तक मिटलं आणि आम्ही निर्धास्त मनाने चहा प्यायलो. पुढच्या रविवारी ते आले तेव्हा चेहरा पार उतरलेला. खिडकीशी गेले नाहीत. खुर्चीवर बसले, हे पहिल्यांदाच.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी पुढचं वाचून बघितलं. हाल्मार 'आपण' म्हणाला नव्हता. 'आम्ही' म्हणाला होता. सकाळी तो दोघांना घेऊन निघून गेलाय. बाकीचे चौघे झोपलेत."

ईरा रडायला लागली. मी भडकलेच. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर मीठभाकर खाल्ली त्यांना झोपेत टाकून जायचं? नितीन त्यांची समजूत काढायला लागला, "अहो, जर्मन वाचणाऱ्यांनाही तिथे कळलं नसेलच की."

"नाही, नितीन. त्यांना दोन्ही ऐकू येतं. त्यांना निदान शंका घ्यायची सोय आहे. मी तुमची ती सोयच काढून घेतली." ते खरोखर कळवळून बोलत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि हाल्मारवर एवढी चिडू नकोस. घोडे पुरत नव्हते गं."

त्या दिवशी मला वाटलं होतं, एका शब्दासाठी इतका जीव टाकणारा माणूस आपल्याला दुसरा भेटायचा नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमचा विभाग कार्ल्सरूहेला हलवायचं ठरलं. सगळ्यांना नेणार नव्हते. किती जणांना न्यायचं, कुणाला न्यायचं, हे केस्लरबाई आणि टीम लीड मिळून ठरवणार होते. ज्यांना नेणार नाहीत त्यांची नोकरी संपणार. मला काळजी वाटली, पण फार नाही, कारण टीम लीड सबनीस होते. कार्ल्सरूहे आमच्या घरापासून रोज जाऊन येण्याइतकं जवळ. ते काम मला आवडायचं, त्यात माझी ओळख तयार झाली होती. तरी हाताशी काहीतरी असावं म्हणून मी हेर्त्सोगेनआउराखच्या एका कंपनीत मुलाखत दिली होती आणि त्यांनी मला नोकरी देऊ केली. तिकडे जायचं तर आठवडाभर तिथे राहावं लागणार, ईराला नितीनवर सोडून. त्यांना उत्तर लगेच हवं होतं.

मी सबनीसांना ऑफिसच्या कॉफीच्या खोलीत गाठलं. तिथे आम्ही दोघंच होतो. सगळं सांगितलं, हेर्त्सोगेनआउराखचं, त्यांना आजच कळवायचंय हेही. विचारलं, "सबनीस, खरं सांगा. आपलं काय ठरतंय? मी तिकडे नाही म्हणून कळवू का?"

त्यांनी कप यंत्राखाली ठेवला. बटण दाबलं. यंत्र घरघरत होतं तेवढा वेळ ते कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वीर गेहेन नाख कार्ल्सरूहे. दास इस्ट झिखर."

कार्ल्सरूहेला जायचं नक्की आहे. मी हुश्श केलं. जागेवर येऊन हेर्त्सोगेनआउराखला नम्रपणे नकार कळवला. संध्याकाळी नितीनला सांगितलं, सबनीस म्हणाले आपण कार्ल्सरूहेला जातोय. मी 'आपण' म्हटलं. ते जर्मनमध्ये का बोलले, हे माझ्या मनातही आलं नाही. आमच्यात एरवी मराठीच चालायचं. खोलीत कुणी जर्मन असला तरी ते मला मराठीतच चिमटे काढायचे.

दोन आठवड्यांनी केस्लरबाईंनी मला आत बोलावलं. चेहरा मऊ करून म्हणाल्या, तुम्ही आमच्याबरोबर येत नाही याचं मला फार वाईट वाटतं. पण मी समजू शकते, कुटुंब आधी. तुमचे यजमान झिंडेलफिंगेनला नोकरीला, मुलीची शाळा इथली. सबनीसांनी मला सगळं सांगितलं.

मी नाही म्हणाले, असं काही नाही म्हणाले, मी यायला तयार आहे म्हणाले. बाई गोंधळल्या. त्यांना माझ्याबद्दल खरंच काही वावगं वाटत नव्हतं. पण जागा भरल्या होत्या, वरपर्यंत कळवून झालं होतं. मी बाहेर आले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती.

सबनीस त्यांच्या जागेवर होते. मी उभ्याउभ्याच विचारलं, "तुम्ही मला म्हणालात, आपण कार्ल्सरूहेला जातोय."

त्यांनी वर पाहिलं नाही. "मी वीर म्हटलं."

क्षणभर मला ते कळलंच नाही. मग कळलं.

"जागा कमी होत्या, अश्विनी," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणाचं तरी नाव वगळावं लागणार होतं. बाकीच्यांची घरं एकेका पगारावर चालतात. तुझं तसं नाही. नितीन आहे. मला वाटलं, तुला त्यातल्या त्यात कमी लागेल."

"मग हे मला सांगायचं होतं. मी हेर्त्सोगेनआउराखला गेले असते."

"सांगवेना."

"आणि मी तोंडावर विचारलं तेव्हा?"

त्यावर ते जे म्हणाले ते मला आजही सहन होत नाही. म्हणाले, "तेव्हा खोटं बोलायचं नव्हतं."

हे त्यांना खरंच तसं वाटत होतं. माझ्यासमोर बसलेला माणूस लबाड नव्हता, लबाडी केलेला होता, आणि माझ्याशी खोटा शब्द न बोलता ती केली याचं त्याला समाधान होतं. ईराला जॅकेट घालायला लावणारा हाच माणूस. एका 'आपण'साठी आमच्या घरी येऊन माफी मागणारा हाच. हाल्मारच्या वेळी ते चुकले होते. माझ्या वेळी चुकले नव्हते. त्या शब्दाची दोन्ही टोकं कुठे जातात हे बॉबलिंगेनमध्ये त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी बरोबर तोच निवडला. माझ्याजवळ शंका घ्यायची सोय होती. त्यांच्या बाबतीत ती मी वापरणार नाही, हेही त्यांना माहीत होतं.

नितीन म्हणाला, माणूस वाईट नाही, पेचात सापडला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. वैशाली वहिनींचा फोन आला. "अगं, तू स्वतःच नको म्हणालीस ना? हे तर म्हणाले, अश्विनीला इथेच राहायचंय." म्हणजे घरीही तेच सांगितलं होतं, आणि तेही मराठीत. मी खरं काय ते सांगितलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "मी येऊ का गं तुझ्याकडे?" आणि त्या एकट्या आल्या, स्वयंपाकघरात माझ्याबरोबर बसून राहिल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. रविवार मात्र संपले. ईराने एकदा विचारलं, बाकीच्या चौघांचं पुढे काय झालं. मी म्हटलं, मला माहीत नाही. तिने ग्रंथालयातून पुस्तक आणून स्वतः वाचावं असं मी सुचवलं, तर म्हणाली नको, त्यात राजगुरू जर्मन बोलतो.

हेर्त्सोगेनआउराखची जागा केव्हाच भरली होती. त्या वर्षातला बराच काळ मी घरी बसून काढला. पुढे एक नोकरी मिळाली, पोट भरण्यापुरती. ब्रेकचं काम परत मिळालं नाही.

नव्या ऑफिसची तयारी करायला सबनीस सगळ्यांच्या आधी कार्ल्सरूहेला निघाले, तो दिवस सांगायचा राहिला. इथे निरोप घेणाऱ्यानेच केक आणायचा असतो. त्यांनी दोन आणले होते, आणि वहिनींनी न पाठवलेल्या नारळाच्या वड्यांची जागा त्या टेबलावर मला एकटीलाच दिसत होती. माझा नोटीसचा काळ तेव्हा अजून चालू होता, म्हणून मीही तिथे होते. त्यांनी जर्मनमध्ये छोटंसं भाषण केलं, चिलखतासकट. सगळे हसले, केस्लरबाईंनी डोळे पुसले. मग ते एकेकाशी हात मिळवत दाराकडे निघाले आणि माझ्यापाशी थांबले. हात पुढे केला नाही. कापडी पिशवी सावरली आणि हळूच, मराठीत म्हणाले, "येतो."

आपल्याकडे निघणारा माणूस असंच म्हणतो, आणि त्याला एकच उत्तर असतं. ते उत्तर मिळेपर्यंत पाय उचलायचा नाही, ही आमच्या दोघांच्याही घरची रीत. ते थांबले. सगळी खोली बघत होती.

"या," मी म्हणाले.

शेजारच्या केस्लरबाईंनी मान डोलावली. जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो. बरं, ठीक आहे, झालं तर मग, असं काहीही. सबनीसांचा चेहरा आधी उजळला आणि मग तिथेच थबकला. त्यांनी डोळे मिटले, उघडले. माझ्याकडे पाहिलं. मी कुठल्या भाषेत बोलले हे त्यांना विचारायचं होतं, ते ओठांपर्यंत आलंही होतं. "अश्विनी, हे..." एवढंच म्हणाले. पण इतक्या लोकांत ते विचारणार कसं, आणि विचारलं असतं तरी मी सांगणार नव्हते. कुणीतरी लिफ्ट धरून ठेवली होती, त्यांना हाक मारत होतं. ते वळले, दारातून एकदा पुन्हा मागे पाहिलं आणि गेले.

मी जर्मनमध्ये बोलले होते.